उत्तर बरोबर, गुण वजा

ताईने ६३० काढले, खाली दोन रेघा ओढल्या आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. तेहतीस वर्षं फळ्यावर तिने हेच केलं आहे. उत्तराखाली दोन रेघा आल्या की प्रश्न संपला.

"चूक," मुक्ता म्हणाली.

"काय चूक? पडताळा घे हवा तर."

"६३० बरोबर आहे गं आत्या. खूण चुकली. ०.८३ गुण गेले."

डिसेंबरातला रविवार होता आणि मी मटार सोलत बसलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. ताई माझी थोरली बहीण. साताऱ्याला दहावीला बीजगणित शिकवून निवृत्त झाली. मुक्ता माझी लेक. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेमागे लागली आहे, आठवडाभर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असते, रविवारी तेवढी दिसते. त्या परीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, २०११ साली आला आणि २०१५ पासून नुसता पात्रतेपुरता उरला. दोनशेपैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन तासांत ८० प्रश्न, प्रत्येकाला अडीच गुण, आणि चुकलं की त्याचा तिसरा हिस्सा कापून घेतात. दीड मिनिटाला एक प्रश्न.

त्यातच हल्ली डेटा सफिशियन्सीचे प्रश्न असतात. एक प्रश्न आणि खाली दोन विधानं. उत्तर काय ते कुणी विचारतच नाही. या माहितीवरून उत्तर निघेल का, एवढंच सांगायचं. ताईपुढे ठेवलेला प्रश्न असा होता: एका अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या १५ पदांची बेरीज किती? विधान १: आठवे पद ४२ आहे. विधान २: पहिले पद ७ आहे. पर्याय चार. दोहोंपैकी एकाच विधानाने उत्तर मिळतं, दुसऱ्या एकट्याने मिळत नाही, हा 'अ'. कोणत्याही एका विधानाने मिळतं, हा 'ब'. दोन्ही एकत्र घेतल्याशिवाय मिळत नाही, हा 'क'. दोन्ही घेऊनही मिळत नाही, हा 'ड'.

ताईने रीतसर मांडलं होतं. पहिलं पद ७, आठवं ४२, मधली सात पावलं, म्हणून फरक ५. पंधरावं पद ७७. सात आणि सत्त्याहत्तर चौऱ्याऐंशी, त्याची निमपट बेचाळीस, गुणिले पंधरा. ६३०. आणि दोन्ही विधानं लागली म्हणून 'क'वर खूण.

"सात लागलाच नसता," मुक्ता म्हणाली. "पंधरा पदांत आठवं पद बरोबर मधलं. त्याच्या अलीकडे सात, पलीकडे सात. सातवं जेवढं कमी तेवढंच नववं जास्त. सहावं जेवढं कमी तेवढं दहावं जास्त. सगळी देणीघेणी आपसात फिटतात. प्रत्येक पद ४२ असल्यासारखंच झालं ना? पंधरा गुणिले ४२. पहिलं विधान एकटं पुरतं. उत्तर 'अ'."

ताई तिच्याकडे बघत राहिली. मग उठून माझ्या कपाटातून ना. ह. फडक्यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' काढून आणलं. पुस्तक माझं असलं तरी त्याची पानं तीच उलटत आली आहे.

"हे तू मला शिकवतेस? भास्कराचार्यांनी ११५० साली लिहून ठेवलंय. श्रेढीचं पहिलं पद म्हणजे आदि. फरक म्हणजे चय. पदांची संख्या गच्छ. शेवटचं पद अन्त्यधन, मधलं मध्यधन आणि सगळ्यांची बेरीज सर्वधन. मध्यधन गुणिले गच्छ म्हणजे सर्वधन. त्यांच्याही आधी, ४९९ मध्ये, आर्यभटाने हेच सांगितलंय."

"मग 'क' का मारलास?"

ताई गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "दिलं होतं म्हणून वापरलं."

मला यात ताईची चूक कमी आणि संस्कार जास्त दिसतो. आमच्या शाळेत गणितात दिलेला आकडा शिल्लक राहिला तर गणित चुकलं समजायचं. पक्ष लिहायचा, साध्य लिहायचं, पक्षातलं सगळं खपवायचं. आईही पिठाचा शेवटचा गोळा वाया जाऊ द्यायची नाही, त्याची एक वेडीवाकडी दशमी करायची. प्रश्न काढणारे ही सवय ओळखून असतात. दोन विधानं शेजारी ठेवायची, दोन्ही मिळून छान उत्तर निघेल असे आकडे निवडायचे आणि वाट बघायची.

"पण मला सांग," ताई सावरून बसली, "उत्तर काढायचंच नाही हे कसलं गणित? पाट मांडायचे, ताटं मांडायची, उदबत्ती लावायची आणि वाढायचंच नाही!"

"वाढायला दीड मिनिट पुरत नाही आत्या. भात शिजलाय का एवढंच बघायचंय, आणि ते शितावरून कळतं."

इथे मी तोंड घातलं. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. फाइल आली की व्याजाचं गणित सगळ्यात शेवटी. आधी बघायचं, निर्णय घेता येईल एवढे कागद आहेत का? नसतील तर 'कागदपत्रे अपुरी' असा शेरा आणि फाइल परत. तेव्हा मी मुक्ताच्या बाजूने आहे असं जाहीर करून टाकलं.

आणि दुसरंही सांगितलं, ते मुक्ताला जास्त आवडलं. आमच्याकडे एक साहेब होते. पाच कागदांत काम होणार असलं तरी सहावा मागायचे. सहावा कागद खरा असायचा, उपयोगीही असायचा, पण लागत नसायचा. त्यापायी माणसाला तालुक्याला एक हेलपाटा पडायचा. साहेबांनी चुकीचं कर्ज कधी दिलं नाही, तरी ते चांगले अधिकारी नव्हते. ताईने श्रेढीकडे आठवं पद हातात असताना पहिलं पद मागितलं.

"म्हणजे मी तुझा साहेब," ताई म्हणाली.

"एका प्रश्नापुरती."

मुक्ता रंगात आली होती. म्हणाली, आठवं पद सरळ न देता आडून दिलं असतं तरी चाललं असतं. तिसऱ्या आणि तेराव्या पदाची बेरीज ८४, असं. तीन आणि तेरा सोळा, त्याचं निम्मं आठ, म्हणून पुन्हा मधलं पद ४२ आणि पुन्हा ६३०. पण दुसऱ्या आणि तेराव्याची बेरीज ८४ दिली असती तर नाही. दोन आणि तेरा पंधरा, पहिलं आणि चौदावंही पंधरा, म्हणजे चौदा पदांची बेरीज ५८८ झाली. विचारली आहे पंधरा पदांची. एका पदाने हुकलं, आणि ते पंधरावं पद कुठल्याही वाटेने मिळत नाही.

"म्हणजे श्रेढी पूर्ण कळायची गरज नाही," ती म्हणाली. "आदि आणि चय, म्हणजे ए आणि डी, दोन्ही कळले की श्रेढीचं सगळं कळतं, ते खरं. पण विचारलंय काय? बेरीज. तिच्यापुरतं कळलं की बास. मी ए आणि डी काढत बसत नाही, अज्ञात मोजते आणि समीकरणं मोजते. जुळली की पुढचा प्रश्न."

त्या शेवटच्या दोन वाक्यांवर ताईचे कान टवकारले. तेहतीस वर्षांचा अनुभव असाच उगाच नसतो.

तिने मटारच्या शेंगांखालचा कागद ओढून घेतला आणि त्याच्या कोपऱ्यावर लिहिलं: २०, १६, १२, ८ अशी श्रेढी आहे. सुरुवातीपासून काही पदं मिळवली. किती? विधान १: बेरीज ५६ आली. विधान २: मिळवलेलं शेवटचं पद ऋण आहे.

मुक्ताला पाच सेकंदही लागले नसतील. "'अ'. पहिलं विधान एकटं पुरे. आदि माहीत, फरक वजा ४ माहीत, बेरीज माहीत. अज्ञात एक, समीकरण एक. दुसऱ्या विधानाने काही ठरत नाही, ऋण पदं ढीगभर आहेत."

"उत्तर काय येतं?"

"उत्तर विचारलेलं नाही."

"मी विचारतेय."

मुक्ता बोटांवर मोजू लागली. वीस. छत्तीस. अठ्ठेचाळीस. छप्पन्न. "चार."

"पुढे मोज."

"पुढे कशाला? आलं की."

"मोज तर खरं."

पाचवं पद ४, बेरीज ६०. सहावं पद शून्य, बेरीज ६०. सातवं पद वजा ४. मुक्ताचं बोट मधेच थांबलं. छप्पन्न.

"सात," ताई म्हणाली. तिने आता कागदावर मांडलं: पदांच्या संख्येचा वर्ग, वजा अकरापट संख्या, अधिक २८, बरोबर शून्य. चार आणि सात. "दुसरं विधान घेतलं तरच चार गळतं आणि सात उरतं. 'क'. तुझे ०.८३ गेले."

हिशेब फिटला म्हणून मी हसलो. दोघींनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

"दहावीचं पुस्तक आठव," ताई म्हणाली. "पहिलं प्रकरण, दोन चलांतली रेषीय समीकरणं. दुसरं, वर्गसमीकरणं. तिसरं, अंकगणिती श्रेढी. तू पहिल्यावरून उडी मारून थेट तिसऱ्यावर आलीस. अज्ञात एक आणि समीकरण एक म्हणून भागत नाही, समीकरण कसलं आहे ते बघावं लागतं. पहिलं पद, फरक, कुठलंही पद, ही सगळी सरळ माणसं. पण बेरजेवरून पदांची संख्या काढायला गेलीस की वर्ग येतो. आर्यभटाचा गच्छ काढायचा नियम बघ, त्यात वर्गमूळ आहे. वर्गमूळ आलं की घराला मागचं दार असतं."

"पण नेहमी दोन उत्तरं येत नाहीत. फरक अधिक ४ असता तर?"

"तर बेरीज चढतच गेली असती. चढणारा माणूस एका पायरीवर दोनदा येत नाही. तेव्हा दुसरं मूळ ऋण येतं आणि वजा इतकी पदं असं काही नसतं. तिथे तुझा 'अ' खरा. श्रेढी शून्य ओलांडत असेल, उतरताना किंवा ऋणातून चढताना, तिथेच ही दोन दारं उघडू शकतात. किती वेळ लागतो हे बघायला?"

"दीड मिनिटात बसतं," मुक्ताने कबूल केलं.

यानंतर थोडा वेळ हो-नाहीच्या प्रश्नांवर गेला. मुक्ताचं उदाहरण: एका श्रेढीत १०० हे पद आहे का? विधान: प्रत्येक पदाला तीनने भागल्यावर बाकी २ उरते. शंभरला तीनने भागलं की बाकी १. तेव्हा १०० त्यात नाही. विधान पुरेसं आहे, कारण 'नाही' हेही उत्तरच आहे. तिच्या अभ्यासिकेतली मुलं 'नाही' आलं की माहिती अपुरी समजतात म्हणे. यात ताईचा काही वाद नव्हता. मला मात्र बँकेत हे पदोपदी दिसायचं. कर्ज नामंजूर हा निर्णय असतो. फाइल लोंबकळत पडते तो निर्णय नसतो. गिऱ्हाइकाला दोन्हीत पैसे मिळत नाहीत, म्हणून त्याला फरक कळत नाही.

मग मुक्ताने सराव पेपरातला एक प्रश्न काढला. हा फार चांगला होता. मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्यांच्या १० रांगा लावल्या आहेत. प्रत्येक रांगेत तिच्या पुढच्या रांगेपेक्षा सारख्याच संख्येने जास्त खुर्च्या आहेत. सगळ्यात पुढच्या, म्हणजे पहिल्या रांगेत किती खुर्च्या? विधान १: एकूण खुर्च्या ८५. विधान २: शेवटच्या रांगेत पहिलीपेक्षा ९ खुर्च्या जास्त.

ताई आता सावध होती. आधी दुसरं विधान घेतलं. नऊ पावलांत ९ वाढल्या, म्हणून फरक १. पहिली रांग कळत नाही. एकटं अपुरं. मग पहिलं. दहापट ए अधिक पंचेचाळीसपट डी म्हणजे ८५. "अज्ञात दोन, समीकरण एक. हेही अपुरं. दोन्ही घेतली की फरक १, पहिल्या रांगेत ४. 'क'. आणि या वेळी मी सगळं तपासलंय."

"आत्या, खुर्ची अर्धी नसते."

ताईने समीकरण पाचाने भागलं. दुप्पट ए अधिक नऊपट डी म्हणजे १७. डी एक घेतला तर ए चार. डी दोन घेतला तर नऊ दुणे अठरा, सतराच्या वरच गेलं. खुर्च्या वाढताहेत म्हणजे डी शून्य नाही, ऋण नाही. दुसरी वाटच नाही. चार, पाच, सहा करत शेवटच्या रांगेत तेरा. बेरीज ८५. पहिलं विधान एकटंच पुरत होतं.

"अगं बाई," ताई म्हणाली. हे तिने आनंदाने म्हटलं, हरल्यासारखं नाही.

"खुर्च्यांच्या जागी दुधाचे कॅन असते," मुक्ता म्हणाली, "दहा कॅनमध्ये मिळून ८५ लिटर, तर तू बरोबर होतीस. फरक दीड लिटर, पहिल्यात पावणेदोन. फरक सव्वा लिटर, तरी चालतंय. वाटेल तेवढी उत्तरं. समीकरण तेच आहे, फक्त नाम बदललं."

"म्हणजे 'खुर्च्या' हा शब्दच तिसरं विधान झाला."

"आणि त्याला क्रमांक नसतो."

ताईला हे इतकं पटलं की तिने तिच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंची आठवण काढली. त्या म्हणायच्या, गणिताचे शिक्षक मुलांना वाचायला शिकवत नाहीत. पण ताई पटल्यावर सोडून देणाऱ्यातली नाही. तिने पंच्याऐंशी खोडले आणि वर १४५ लिहिले.

"आता सांग. खुर्च्याच आहेत. रांगा दहाच. 'अ' का?"

मुक्ताने तोंड उघडलं आणि मिटलं. मघाचं छप्पन्न तिला आठवलं असावं. तिने पेन्सिल घेतली. दुप्पट ए अधिक नऊपट डी म्हणजे २९. डी एक, ए दहा. डी दोन घेतला तर ए साडेपाच, खुर्ची मोडली. डी तीन, ए एक. डी चार घेतला तर छत्तीस, वर गेलं. दोन उत्तरं. दहापासून एकोणिसापर्यंत, बेरीज १४५. किंवा एक, चार, सात करत अठ्ठावीसपर्यंत, बेरीज १४५.

"अपुरं," ती म्हणाली.

"काहीच बदललं नाही. खुर्च्या त्याच, रांगा त्याच, अज्ञात दोनच, समीकरण एकच. फक्त पंच्याऐंशीचे एकशे पंचेचाळीस केले आणि पुरेसं होतं ते अपुरं झालं. आता म्हण, सोडवायचं नसतं म्हणून."

"सोडवायचं नसतं असं मी म्हटलं नव्हतं."

"म्हणाली होतीस. भात, शीत वगैरे."

"बरं, म्हटलं होतं. दुसरं उत्तर आहे का, हे कळेपर्यंत सोडवायचं. एक मिळालं की थांबायचं नाही, दुसरं सापडतंय का बघायचं. सापडलं तर अपुरं. सापडणं शक्य नाही असं दिसलं तर पुरेसं."

"म्हणजे माझ्यापेक्षा जास्तच सोडवायचं. मी एक उत्तर काढते, पडताळा घेते, दोन रेघा ओढते. पडताळ्याने एवढंच कळतं की हे उत्तर चालतं. दुसरं कुठलं चालत नाही, हे त्याने कळत नाही. वर्गात मी हे कधी विचारलंच नाही." ती क्षणभर थांबली. "विचारायला हवं होतं."

माझं मत विचाराल तर, मघाशी मी मुक्ताची बाजू जरा घाईने घेतली होती. शितावरून भात कळतो तो सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर असतो म्हणून. पंच्याऐंशीचं पातेलं वेगळं, एकशे पंचेचाळीसचं वेगळं. क्लासमधून मुलांना जी 'अज्ञात मोजा, समीकरणं मोजा'ची युक्ती मिळते, ती ए आणि डी शोधण्यापुरती बरी आहे. बेरजेतून पदांची संख्या काढताना ती फसवते, माणसं-खुर्च्या-पायऱ्या आल्या की फसवते, आणि मधल्या पदावरून बेरीज विचारली तर नेमकी उलट्या बाजूने फसवते, कारण तिथे दोन अज्ञात असूनही एक समीकरण पुरतं. श्रेढीवरच्या या प्रश्नांत अडकवायच्या बहुतेक जागा या तीनच आहेत. ज्याला दीड मिनिटात सुटायचं आहे त्याने त्या आधीच ओळखून ठेवाव्यात.

मटार संपले होते. मी उठलो तर ताईने कागद सोडायला नकार दिला. त्यावर अजून खुर्च्यांचा प्रश्न होता, एकशे पंचेचाळीसवाला, आणि दुसऱ्या विधानाची जागा खोडून मोकळी केलेली होती.

"हा अर्धवट राहिला," ती म्हणाली. "नऊ खुर्च्या जास्त वगैरे नको. तसं कुणीही देईल." ती जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग लिहिलं: विधान २: पहिल्या रांगेत अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे शेजारी शेजारी बसले आहेत.

मुक्ताने वाचलं. पुन्हा वाचलं. दोघं शेजारी बसले म्हणजे पहिल्या रांगेत निदान दोन खुर्च्या, म्हणजे एक असू शकत नाही.

तिने 'क'वर खूण केली, आणि उत्तर कुणी विचारलं नसताना बाजूला १० लिहून खाली दोन रेघा ओढल्या.